अलीगढ : पदवी मिळाल्यानंतरची गोष्ट

दिल्लीहून कानपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सुमारे १३० किलोमीटरवर अलीगढ लागते. हे कुलपांचे शहर. पण आपल्या घरांत त्याचे नाव निघते ते विद्यापीठामुळे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली येथे मदरसा सुरू केला. त्याचे पुढे एम.ए.ओ. कॉलेज झाले आणि १९२० साली विद्यापीठ.

आम्ही आवारात फिरलो. स्ट्रेची हॉल पाहिला, जामा मशिदीलगत सर सय्यद यांच्या कबरीवर फातिहा पढली. काळ्या शेरवानीतील मुले लगबगीने जात होती. येथे शिकलेला माणूस आयुष्यभर स्वतःला ‘अलीग’ म्हणवतो. १७ ऑक्टोबर हा सर सय्यद यांचा जन्मदिन. त्या सुमारास देशोदेशीचे अलीग एकत्र जेवतात आणि मजाज यांनी लिहिलेला तराना गातात. मजाजही येथलेच विद्यार्थी. कोण कुठे आहे, कोणत्या हुद्द्यावर आहे, याची चौकशी होते. जुने सोबती भेटल्यावर ते व्हायचेच.

पण पदवीनंतरच्या आयुष्याचे वेगळे माप आम्हांला विमेन्स कॉलेजात सापडले. शेख अब्दुल्लाह हे पूंछकडून अलीगढला शिकायला आलेले विद्यार्थी. कायद्याचे शिक्षण घेऊन ते येथेच वकिली करू लागले. आपण शिकलो, आता आपल्या बहिणी-लेकींचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०४ साली त्यांनी ‘खातून’ मासिक काढले आणि १९०६ साली पत्नी वहीद जहाँ बेगम यांच्यासह मुलींची शाळा उघडली. विरोध कमी नव्हता. मुली पडदा लावलेल्या डोलीतून शाळेत येत. पुढे वसतिगृह झाले, तेव्हा दूरगावचे पालक लेकी पाठवायला कचरत. बेगमसाहिबांनी त्या मुलींना आईची माया दिली. मुली त्यांना ‘आला बी’ म्हणत आणि शेखसाहेबांना ‘पापा मियाँ’. पुढे या शाळेचे कॉलेज झाले. त्यांची लेक रशीद जहाँ याच शाळेत शिकली, डॉक्टर झाली आणि उर्दूतली नामांकित लेखिकाही.

वकिली करून पापा मियाँ सुखात राहू शकले असते. पण आपल्या मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवणे, हाही त्यांनी पदवीचाच भाग मानला.

आपल्या गावांत, मोहल्ल्यांत आज पदवीधर मुले-मुली आहेत. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, मग नोकरीची धावपळ सुरू होते. घर चालवायचे तर ती हवीच. तरीही शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, दहावीच्या मुलाला आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवणे, ‘पोरीला पुढे कशाला शिकवायचे’ म्हणणाऱ्या चाचांपाशी बसून त्यांना समजावणे, एवढे तर प्रत्येकाला जमेल. त्याला ना इमारत लागते, ना देणगी. ज्या घरात पहिला पदवीधर झाला, त्या घराने गल्लीतल्या दुसऱ्या पदवीधराची काळजी वाहिली, तर अलीगढ फार दूर राहणार नाही.