उन्हानं रंगवलेली साल

'इंडिगो रोझ' हा टोमॅटो पिकायच्या आधीच रंगतो. फळ जेमतेम बोराएवढं, कच्चं हिरवं असतं, तेव्हाच त्याच्या खांद्यावर जांभळी झाक उमटते. इथं ऑरेगनमध्ये उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड रेंगाळतो, पावसाचा थेंब नसतो. बघता बघता साल वांग्यासारखी काळीजांभळी, तुकतुकीत होते. पण ऊन लागेल तिथंच. एखादं पान फळाला टेकून राहिलं, तर त्याच्या सावलीचा हिरवा ठसा सालीवर तसाच राहतो. देठाची टोपी उचलावी, तर खाली फिकी चांदणी.

मग पिकलं हे ओळखायचं कसं? फळ उलटं करून बुडाशी बघायचं. तिथलं हिरवं तांबडं झालं, वरची चकाकी मावळली, की तोडायचं. संध्याकाळी वाफ्याशी वाकून अशी बुडं तपासण्यात माझा वेळ कसा जातो, कळत नाही.

हा रंग अँथोसायनिनचा. जांभळाचा, वांग्याच्या सालीचा तोच. चिली आणि गालापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोंकडून हा गुण संकरानं बागेतल्या टोमॅटोत आणला गेला. ऑरेगन स्टेट विद्यापीठात जिम मायर्स यांनी त्यातून हा वाण घडवला आणि 2012 मध्ये तो लोकांच्या हाती आला. त्यात जनुक-रोपण नाही. ते झालं दुसऱ्या एका टोमॅटोत, इंग्लंडमधल्या नॉरिचला. कॅथी मार्टिन यांच्या गटानं स्नॅपड्रॅगनच्या फुलातली दोन जनुकं टोमॅटोत घातली आणि गरसुद्धा जांभळा झाला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कर्करोगप्रवण उंदीर सरासरी 142 दिवस जगत. या टोमॅटोची भुकटी खाणारे 182 दिवस जगले. 2024 पासून त्याचं बी अमेरिकेतल्या घरगुती बागांसाठीही मिळू लागलं. पण उंदरांचे हे वाढीव दिवस माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात धरता येत नाहीत.

माझ्या 'इंडिगो रोझ'चा गर साधा लालच. सारी पुण्याई सालीत. सार करायला टोमॅटो उकडून सोलले, की नेमकं तेच केराच्या टोपलीत जातं. म्हणून याची सालीसकट कोशिंबीर करावी: दाण्याचं कूट, मिरची, वरून हिंगाची फोडणी. चव बरी, किंचित आंबट. रूपाच्या मानानं कमीच. सारासाठी लाल टोमॅटोच घ्यावेत. तेलात शिजले की त्यांतलं लायकोपीन अंगी जास्त लागतं, आणि त्यासाठी नवा वाण काढावा लागत नाही.

तेव्हा जांभळा टोमॅटो जरूर लावा, भर उन्हात लावा. त्याच्याकडून औषधाची अपेक्षा मात्र ठेवू नका. शेजारी लाल टोमॅटोचं एक रोप हवंच.