सहीची वेळ

दोन कळांच्या मध्ये जरा उसंत मिळते. तेवढ्यात बाईपुढे कागद धरून सही घ्यायची आणि तिला संशोधनासाठीची संमती म्हणायचं, हे मला पटत नाही. माझ्या कळा सुरू असताना कुणी घराचं बक्षीसपत्र पुढे केलं असतं, तरी मी मुकाट सही केली असती.

पण बाळंतिणींवर संशोधनच नको म्हणावं, तर मरतात त्याच. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ट्रानेक्झामिक ॲसिडने जीव वाचतात, हे २०१७ साली ठरलं ते २१ देशांतल्या २०,०६० बायकांमुळे. ज्या होकार देण्याच्या स्थितीतच नव्हत्या त्यांच्यासाठी सोबतच्या माणसाला विचारलं. कुणीच नसेल तर औषध आधी, सांगणं नंतर. याला मी नावं ठेवणार नाही.

मी अडखळते ती बेळगावपाशी. तिथल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल दिलं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. बाळंतपणं नर्सबाईंनी केली. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी रक्तस्राव टाळण्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. सुई नको, फ्रीज नको. खेड्याला अगदी सोयीची.

पण ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रक्तस्राव रोखतं, हे तेव्हाही माहीत होतं. मग निम्म्या बायकांना पोकळ गोळी का? उत्तर असं की, तिथल्या नर्सबाईंच्या हाती ते इंजेक्शन नव्हतंच. जे मिळणार नव्हतं ते हिरावलं कुठे? हिशेब बिनचूक आहे. फक्त शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तो कुणी मांडू धजलं नसतं. गावाची गैरसोय प्रयोगाची सोय झाली. आणि तुलना केली नसती, तर गोळीवर विश्वास तरी कुणी ठेवला असता? या दोन्हींची तोंडमिळवणी मला अजून जमलेली नाही.

विचारायचं तर सातव्या-आठव्या महिन्यात, तपासणीला आली असताना विचारावं. घरी जाऊन दोन दिवस विचार करू द्यावा. सासू आणि नवरा तिथेही बोलतीलच, पण निदान तिला ऐकू तरी येईल. खरी पंचाईत पुढेच आहे. आधी हो म्हटलेल्या बाईला ऐन वेळी माघार घ्यायचा हक्क असतो. प्रसूतीच्या खोलीत 'नको, नको' तर प्रत्येकीच्याच तोंडी असतं, आणि ते कानाआड करायची तिथल्या सगळ्यांना सवय असते. त्यातलं कुठलं 'नको' प्रयोगाला आहे, हे कोण ओळखणार?