चौदा गुणांचा हिशेब

शाळेत असल्यापासून मी सामन्यांचे गुण लिहीत आलोय. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. गडचिरोली जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या सिरोंच्याची पोरं संध्याकाळी कबड्डी, व्हॉलीबॉल खेळायला निघाली की मला उचलून न्यायची, कडुनिंबाखाली बसवायची आणि हातात वही द्यायची. "तू लिही," म्हणायची. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि मीही एक गुण इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पुढे बसस्टँडजवळ वह्या-पेनांचं दुकान टाकलं, तीनचाकी सायकलवर ये-जा सुरू झाली, तरी तालुक्याच्या सामन्यांना गुण लिहायला मलाच बोलावतात. अशा अकरा वह्या घरात आहेत. खेळाडूंच्या रकान्यात माझं नाव मात्र कुठेच नव्हतं.

बाराव्या वहीतला पहिला सामना पॅरिसचा आहे. अमेरिका विरुद्ध ग्रेट ब्रिटन, पॅरालिम्पिकमधल्या पुरुषांच्या व्हीलचेअर बास्केटबॉलची अंतिम लढत, ७ सप्टेंबर २०२४. ती गणेश चतुर्थीची रात्र होती. आमच्याकडे घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, त्यामुळे नैवेद्यालाही मोदकांशेजारी तांदळाचे उंड्राळ्ळू असतात. तीन-चार दिवसांपूर्वीच सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्य मिळवल्याची बातमी वाचली होती. मोबाइलवर ती फेक शोधता शोधता खुर्च्यांवरचा हा खेळ दिसला, आणि अंतिम सामना बघायचाच, असं ठरवलं.

सामना बघायला शेजारच्या पोराला बोलावलं. चोवीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी ताडी उतरवायला झाडावर चढला असताना दोर सुटला आणि तो पाठीवर पडला. आमच्याकडे ताडाचं झाड म्हणजे कित्येक घरांची रोजी, आणि त्यावरून पडून कणा मोडलेली माणसं मी याआधीही पाहिली आहेत. जिल्ह्याचं ठिकाण इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून त्याला नदीपलीकडे वारंगलला नेलं. जीव वाचला. छातीखालचं अंग मात्र परत आलं नाही. तेव्हापासून त्याची आई रात्रीतून चार-पाच वेळा उठून त्याची कूस बदलते. एका शिबिरात त्याला खुर्ची मिळाली होती. लोखंडी, जड, त्याच्या अंगापेक्षा कितीतरी रुंद. ती ओसरीत उभी असायची आणि तिच्यावर धुतलेले कपडे वाळत असायचे.

"अक्का, आज त्याला माझ्याकडे पाठवा," मी त्याच्या आईला म्हटलं. तिने खुर्चीवरचे कपडे काढले. दोघा भावांनी त्याला खुर्चीसकट उचलून माझ्या पायऱ्या चढवल्या.

सामना सुरू झाला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. रेंज जात-येत होती. पहिल्या पाच मिनिटांत पोरगा एक शब्द बोलला नाही. खुर्च्या एकमेकींवर आदळत होत्या, तो लोखंडाचा आवाज मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही अंगावर येत होता. त्यांची चाकं सरळ उभी नव्हती. वरून आत झुकलेली आणि खाली पसरलेली, म्हणून खुर्ची जागच्या जागी भिंगरीसारखी वळत होती. बास्केट उभ्याने खेळतात तेवढंच उंच, दहा फूट. मैदान तेवढंच मोठं. चेंडू मांडीवर घेऊन चाकाला दोनच वेळा हात लावता येतो, मग चेंडूचा टप्पा मारायचा, तो द्यायचा किंवा फेकायचा. नियमात खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग धरतात. दुसऱ्याच्या खुर्चीला चुकीचा धक्का दिला तर तो त्या माणसालाच दिलेला धक्का.

एवढ्यात एक खेळाडू खुर्चीसकट उलटला. पोरगा ओरडला, "अन्ना, पडला!" त्याच्या पोटात कसली भीती उठली असेल हे मला कळत होतं. पडलेल्या माणसाने एक हात जमिनीवर रोवला, अंगाला हिसका दिला आणि पट्ट्याने बांधलेल्या खुर्चीसकट तो सरळ झाला. पुढच्या क्षणी तो पुन्हा पळत होता. पोराने मला तेवढाच तुकडा तीनदा मागे घेऊन दाखवायला लावला.

मग मी त्याला गुणांचा नियम समजावला. तो मी दुपारीच वाचून ठेवला होता. या खेळात प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या हालचालीप्रमाणे एक ते साडेचार गुण देतात. ज्याला कमरेतून वाकता, वळता येत नाही, तो एक गुणाचा. ज्याच्या शरीरात अगदी थोडंच उणं आहे, तो साडेचारचा. आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाऊ द्यायची नाही.

"अन्ना, माझे किती?"

मी जरा थांबलो. "एक असतील."

"म्हणजे सगळ्यात कमी."

मी वहीचं कोरं पान काढलं आणि बेरीज मांडली. साडेचारचे तीन घेतले तर साडेतेरा होतात, उरलेल्या दोघांना अर्धाच गुण राहतो. असा संघ उभाच राहत नाही. साडेचारचे दोन घेतले तर नऊ, उरले पाच, तिघांत वाटायचे. तिथे एकवाल्यासारख्या कमी गुणांच्या खेळाडूची गरज पडते. तो असेल तरच मोठ्या गुणांचे खेळाडू मैदानात उतरतात. पोराने वही हातात घेतली. तीन वर्षांत त्याने पेन धरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने चौदाच्या चार-पाच मांडण्या करून पाहिल्या. प्रत्येकीत त्याने आधी एकाचा आकडा लिहिला आणि मग बाकीचे.

त्यानंतर आम्ही चेंडूकडे बघणं सोडलं. कमी गुणांचे खेळाडू काय करतात ते बघू लागलो. ते बास्केट क्वचितच करत होते. समोरच्या उंच खेळाडूच्या वाटेत आपली खुर्ची अशी आडवी घालत की त्याला पुढे सरकता येत नसे, आणि तेवढ्यात आपल्या माणसाला फेकायला मोकळी जागा मिळे. टाळ्या फेकणाऱ्याला मिळत होत्या. मी इतकी वर्षं गुण लिहितोय, पण माझ्या वहीत 'अडवलं' असा रकानाच कधी नव्हता. त्या रात्री मी तो आखला.

अमेरिका ७३, ग्रेट ब्रिटन ६९. रिओ आणि टोकियोनंतर अमेरिकेचं हे सलग तिसरं सुवर्ण. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा पोराने विचारलं, "आपला संघ?" तो या स्पर्धेत नव्हता. पॅरिसमध्ये पुरुषांचे आठ आणि महिलांचे आठ संघ होते, त्यांत भारत नव्हता. पण आपल्या देशात हा खेळ आहे. २०१४ साली चेन्नईत त्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि आपले पुरुष व महिला संघ परदेशात खेळून आले आहेत. मी त्याला मुरलीकांत पेटकरांची गोष्टही सांगितली. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला मराठी जवान, ज्याने १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं.

पुढे वाचत गेलो तसं पॅरालिम्पिकचं मूळ मला आमच्याच गल्लीत सापडलं. दुसऱ्या महायुद्धात कणा मोडलेले सैनिक वाचणार नाहीत असंच डॉक्टर धरून चालत. पाठीला जखमा होत, मूत्रमार्ग पिकत असे आणि माणूस जाई. इंग्लंडमधल्या स्टोक मँडविलच्या रुग्णालयात १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन आले. त्यांनी दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायला लावली आणि त्याच रोग्यांच्या हातात खेळ दिला. १९४८मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यांनी सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. तिथून १९६०चं रोमचं पॅरालिम्पिक आलं, तिथे व्हीलचेअर बास्केटबॉलही होतं. आमची अक्का गुटमनचं नाव न ऐकता त्यांचं निम्मं काम रोज रात्री करत आली आहे. उरलेलं निम्मं, म्हणजे खेळ, ते गावाने करायचं राहिलं होतं.

ते आम्ही दिवाळीनंतर सुरू केलं. सायकल दुरुस्त करणाऱ्याने त्या जड खुर्चीचे हात कापून काढले, मागे दोन छोटी चाकं लावली. ट्रकच्या ट्यूबचा पट्टा छातीभोवती आला. एका बंद गोदामासमोर सिमेंटचा सपाट तुकडा होता, तिथल्या भिंतीवर लोखंडी कडी ठोकली. ती खाली लावू या, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "दहा फुटांवरच लावा." दोन महिने चेंडू कडीपर्यंत पोचलाच नाही. तो दोनदा उलटला, दोन्ही वेळा आम्हीच उचलला. तिसऱ्यांदा त्याने आम्हाला हाताने थांबवलं. बराच वेळ लागला, पण तो स्वतः उठला. संक्रांतीच्या आठवड्यात चेंडू कडीतून गेला. अक्का तेव्हा रस्त्यापलीकडे उभी होती. तिने पदर डोळ्याला लावला आणि काही न बोलता घरी गेली.

आता आम्ही चौघं आहोत. तीन पोलिओवाले आणि तो. मला फेकायला मोकळी जागा करून द्यायची असली की तो खुर्ची आडवी घालतो, आणि मी फेकतो. बाराव्या वहीत खेळाडूंच्या रकान्यात माझं नाव आहे, त्याचं माझ्या वर.

आम्हाला पॅरिस नको आहे. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद असा सिमेंटचा एक चौथरा, त्यावर चढायला एक उतार, आणि अंगाच्या मापाच्या पाच खुर्च्या, एवढं प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर व्हायला हवं. हे सरकारकडे मागतोच आहोत. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे : तुमच्या गल्लीत एखाद्या ओसरीत अशी खुर्ची असेल आणि तिच्यावर कपडे वाळत असतील, तर उद्या जाऊन ते कपडे काढा आणि आतल्या माणसाला बाहेर बोलवा.