अण्णा, बखरीलाही साक्षीला बोलवा

ती. अण्णांस,


गणपतीत आपलं बखरींवरून जे वाजलं, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. ‘बखर म्हणजे भाकडकथा’ म्हणून तुम्ही विषयच मिटवलात. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. कागद बोलता कसा करायचा, हे मला शिकवलंत ते तुम्हीच ना?

मोडी कागद पुढ्यात आला की तुम्ही मजकूर वाचूच द्यायचा नाहीत. आधी माथ्यावरचा ‘श्री’, मग शेवटचं ‘मोर्तब सूद’, मग कागद उलटा करून जोड. चिकटवलेल्या बंदांच्या सांध्यावर शिक्का नसेल, तर मधला बंद कुणी बदलला नाही कशावरून? मग तारीख. नुसतं ‘छ २१ रमजान’, आणि साल गायब! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होतं, आपली सोय त्यांनी का बघावी, म्हणायचात. सुहूर सन असलाच तर ५९९ मिळवायचे की ६००, हे महिना बघून ठरवायचं. कारण ते वर्ष मृगाला बदलतं. किती चिडायचो मी! आज कुठलाही कागद हातात आला की नजर आपोआप आधी पाठीमागे जाते, ती तुमच्यामुळे.

आणि शिवजन्माची तारीख? काकू पानं वाढून हाका मारायची, आपण तिथेच. उत्तरकालीन बखरींत शके १५४९ चा वैशाख. टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मी म्हटलं, बखरी जास्त आहेत की! तुम्ही म्हणालात, एकीवरून दुसरी उतरवली असेल तर साक्षीदार एकच. शकावलीला परमानंदाच्या शिवभारताचा दुजोरा आहे, राजस्थानात सापडलेल्या कुंडलीचाही, आणि या तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं नाही. एवढं नेमकं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

मग तोच न्याय पुढे का नेत नाही? सभासदाने १६९७ साली जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तारखांना तो कच्चा, मान्य. पण मुलखात मोगल घुसलेला असताना थोरल्या महाराजांच्या पदरचा माणूस त्यांच्या मुलाला काय सांगावंसं मानतो, हे कुठल्या शकावलीत मिळेल? भाऊसाहेबांच्या बखरीचंही तेच. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला कुणाची फळी केव्हा मोडली, हे तिला विचारूच नये. त्यासाठी पत्रं आहेत, शुजाच्या गोटातल्या काशिराजाची हकीकत आहे. पण त्या पराभवाचं दुःख लोक कसं सांगत होते आणि दोष कुणाच्या माथी मारत होते, हे तिलाच विचारायला हवं.

तो बनावट महजर आठवतो? सन आणि महिना यांचा मेळच बसत नव्हता. तरी तुम्ही तो फेकू दिला नाहीत. पाटीलकीसाठी माणसं कुठल्या थराला जात होती ते यात दिसतं, असं म्हणून बासनात बांधून ठेवलात. खोट्या महजराला तुमच्या बासनात जागा, आणि बखरीला नाही? हे मला पटत नाही, अण्णा, आणि तुम्हालाही मनातून पटत नसणार.

दिवाळीला येतोय. बखर मी आणतो, तुमचं शेजवलकरांचं पुस्तक काढून ठेवा. आणि काकूला म्हणावं, पानं जरा उशिरा वाढ.

आपला,
धाकटा