महाबलिपुरचे पाथरवट

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त चेन्नईस असल्यामुळें गेल्या पौषांत आम्हांस सपत्नीक तिकडे जाण्याचा योग आला. देवदर्शनें आटोपल्यावर एक दिवस महाबलिपुरासाठीं राखून ठेविला होता. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारें 60 किलोमीटरांवर समुद्रकांठीं हें गांव आहे. पाट्यांवर आतां मामल्लपुरम् असें लिहितात. मामल्ल म्हणजे महामल्ल. सातव्या शतकांतील पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा याचें हें बिरुद. येथील लेणीं, रथ व समुद्रतीरावरील देऊळ 1984 सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेलीं, आणि त्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. सबब त्यांत शिरत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, 'अर्जुनाची तपश्चर्या' म्हणून जो प्रचंड शिलापट दाखवितात (कोणी त्यास गंगावतरणही म्हणतात), त्यांत एक मांजर दोन्ही हात वर करून तपास उभें आहे व भोंवतीं उंदीर जमले आहेत. उद्योगपर्वांतील ढोंगी मांजराची गोष्ट आम्हीं मुलांना कित्येक वर्षें सांगितली. तीच दगडांत भेटलेली पाहून आम्ही मोठ्यानें हंसलों. पुतण्याला वाटलें, काकांना ऊन लागलें!

परंतु आमचें खरें काम गांवांत होतें. वाड्यांतील देवघरांत पाषाणाची गणेशमूर्ति असावी अशी घरांतील मंडळींची फार दिवसांची इच्छा. बाजाराकडे वळतांच दोहों बाजूंनीं टांकीचे घाव ऐकूं येऊं लागले. ही परंपरा पल्लवांपासून ह्याच गांवीं अखंड चालत आली, असें मात्र कोणी समजूं नये. 1957 सालीं येथें शिल्पशाळा निघाली. गणपति स्थपति यांनीं तिचें मुख्याध्यापकपद दीर्घकाळ भूषविलें. कन्याकुमारीचा 133 फुटांचा तिरुवळ्ळुवरांचा पुतळा त्यांच्याच योजनेचा. 1 जानेवारी 2000 रोजीं तो खुला झाला, आणि 2004 च्या डिसेंबरांतील त्सुनामींतही जागचा हलला नाहीं. अशा शाळेचे विद्यार्थी व जुनीं स्थपतिघराणीं मिळून आजची ही वसाहत बनली आहे. येथील शिल्पास 2017 सालीं भौगोलिक मानांकनही लाभलें.

आम्ही ज्या छपरांत शिरलों तेथील स्थपति आमच्याच वयाचे. कमरेस लुंगी, नाकातोंडावर पंचा गुंडाळलेला. तोडकेंमोडकें हिंदी व इंग्रजी यांवर संभाषण सुरू झालें. पण आम्हीं 'ताल' हा शब्द उच्चारतांच गाडी संस्कृताच्या रुळावर आली. मुखाची लांबी म्हणजे एक ताल, त्याचीं अंगुळें बारा, शिवविष्णूंस उत्तम दशताल, म्हणजे 124 अंगुळें, गणपतीस पंचताल. हें सारें आम्हीं पोथींत वाचलें होतें. त्यांनीं तें वाचलें नव्हतें, बोटांत सांठविलें होतें. एक दोरी घेऊन त्यांनीं दगडावर मध्यसूत्र मारलें, तिच्या घड्या घातल्या, आणि पाहतां पाहतां सोंड, उदर, मांडी यांच्या जागा तांबड्या रेघांनीं पडल्या. मग हातोड्यानें दोन दगड वाजवून दाखविले. घंटेसारखा निनादतो तो पुंशिला, मूर्तीस योग्य. टाळेसारखा वाजतो ती स्त्रीशिला, पीठासाठीं. ज्याचा नाद उठत नाहीं तो नपुंसक, पायाखालीं घालावा. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "भाजलेलें मडकें घेतांना आम्ही बायका दुसरें काय करतों?" हें भाषांतर करून सांगतांच ते मनापासून हंसले.

दगड ग्रॅनाइट जातीचा, अतिशय कठीण. त्यावर पोलादी टांकीची धार लौकर जाते. म्हणून पूर्वीं शेजारींच भाता चाले. आतां कठीण धातूचें टोंक बसविलेल्या टांक्या मिळतात, आणि कापण्याघासण्यास विजेचें फिरतें चक्र आलें आहे. काम जलद होतें. पण धूळ इतकी बारीक उडते कीं ती फुप्फुसांत जाऊन बसते, व सिलिकोसिस नांवाचा असाध्य विकार जडतो. बोलतां बोलतां स्थपतींस खोकल्याची ढास आली. तेव्हां आंतून त्यांचा मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन आला. बारावीस होता, हात बापासारखाच, हें त्यानें कोरलेल्या एका कमळावरून दिसत होतें. पुढें शिल्पशाळेंत जाणार कीं इंजिनियर होणार, असें आम्हीं विचारलें. तो बापाकडे पाहूं लागला. बाप म्हणाले, "ऐया, तुम्हीच ह्यास कांहीं सांगा."

आमची जीभ रेटेना. आमचे वडील ऋग्वेदाचे घनपाठी होते. त्यांनीं स्वतःच आम्हांस शाळेंत घातलें. आम्ही मॅट्रिक झालों, मास्तरकी पत्करली, व त्यांची संथा आमच्यापाशीं थांबली. 'परंपरा राखा' असें दुसऱ्याच्या मुलास, आणि तेंही त्या धुळींत बसलेल्यास, कोणत्या तोंडानें सांगावें? "तोंडावर चांगला मुखवटा बांधीत जा," एवढेंच आम्हीं त्यास सांगितलें. बापास तें पुरेसें वाटलें नसावें.

मूर्तीचा सौदा सौभाग्यवतींनीं केला. यंत्रावरची निम्म्या किंमतींत मिळत होती. त्यांनीं हातटांकीचीच सांगितली. घरांतील पूजेची मूर्ति वितस्तीहून मोठी नसावी, म्हणून उंची बारा अंगुळांच्या आंत ठरली. डोळे अखेरीस, मुहूर्त पाहून उघडावयाचे. आम्हांस पुन्हां येणें शक्य नसल्यानें तें त्यांनींच करावें असें ठरलें.

आषाढांत पुतण्या मूर्ति घेऊन आला. मुलानें चेन्नईस इंजिनियरिंगला नांव घातलें, असें त्याच्याकडून कळलें. डोळे बापानें उघडले; परंतु सोंडेची शेवटची घासाई, जावयाच्या आदल्या रात्रीं बसून, मुलानें हातानें केली होती. सौभाग्यवती रोज पुसतांना त्याच जागीं बोट फिरवितात.