पोथीतला उसना ‘मी’

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाराव्या शतकातली एक ग्रीक पोथी आहे. अभ्यासकांच्या जगात तिचे नाव नुसते ‘१’. नव्या कराराच्या हस्तलिखितांना क्रमांक द्यायची पद्धत अठराव्या शतकात वेट्स्टाइनने पाडली. तो स्वतः बाझेलचाच. तेव्हा पहिला क्रमांक कुणाच्या वाट्याला गेला याचे फारसे आश्चर्य वाटायला नको. पोथी चर्मपत्राची, जेमतेम साडेअठरा सेंटिमीटर उंच, आणि अक्षर इतके बारीक की एवढ्याशा पानावर अडतीसेक ओळी मावतात. प्रकटीकरणाचे पुस्तक सोडले तर अख्खा नवा करार तिच्यात आहे. चित्रेही होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांतली बहुतेक कुणीतरी काढून नेली. मजकुराच्या वाटेला चोर गेला नाही.

चोराने टाकून दिलेल्या त्या मजकुरातच मला गोडी आहे, आणि तीही एका छोट्या टिपेत.

योहानाच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायाच्या शेवटी आणि आठव्याच्या आरंभी, व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट येते. तिला दगडांनी मारायचे की नाही, असा पेच टाकून लोक येशूला घेरतात. तो वाकतो आणि बोटाने जमिनीवर काहीतरी लिहू लागतो. पुढे काय होते ते बायबल न वाचलेल्यांनाही ठाऊक असते. पण या पोथीत ती गोष्ट त्या जागी नाहीच. योहान संपतो आणि मग, सगळ्यात शेवटी, ती येते. तिच्या डोक्यावर टीप आहे. तिचा आशय असा: हे प्रकरण बहुतेक प्रतींत आढळत नाही, ज्या आचार्यांनी या शुभवर्तमानावर भाष्ये केली, त्या ख्रिसोस्तोमने, अलेक्झांड्रियाच्या सिरिलने, मोप्सुएस्तियाच्या थिओडोरने त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मी ते त्या जागी गाळले. आणि एवढे सांगून झाल्यावर टीप हेही सांगते की ते एरवी कुठे असते: शहाऐंशीव्या भागाच्या आरंभानंतर थोडे पुढे.

हा माणूस मला फार आवडतो. गोष्ट पटली नाही म्हणून तिच्यावर हरताळ फासून तो मोकळा होऊ शकला असता. किंवा लोकांना आवडते, चालू द्या, म्हणून निमूटपणे होती तिथे ठेवू शकला असता. नकलाकारांनी दोन्ही प्रकार हजारदा केले आहेत. याने पुरावा मोजला, साक्षीदारांची नावे घेतली, गोष्ट शेवटी नेऊन ठेवली आणि तिच्या मूळ घराचा पत्ताही लिहून ठेवला. ज्याला त्याचा निर्णय मान्य नसेल त्याने खुशाल गोष्ट उचलून परत नेऊन ठेवावी! आपल्याकडचे लेखनिक पोथीच्या शेवटी हात जोडून सांगतात की जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नका. त्या नम्रतेत सोयही असते. ग्रीक टीपकार दोष घ्यायला पुढे येतो. ‘गाळले’ हे क्रियापद त्याने प्रथमपुरुषी एकवचनात लिहिले आहे.

मात्र हा ‘मी’ म्हणजे बाराव्या शतकात बसून ही पोथी लिहिणारा नव्हे. ग्रीसमधल्या अथोस पर्वतावर, वातोपेदी मठात, याच घराण्यातली आणखी एक पोथी आहे, क्रमांक १५८२. ती एफ्राइम नावाच्या भिक्षूने ९४८ साली लिहिली. या एफ्राइमने पॉलिबियसचा इतिहासही उतरवला होता, पट्टीचा लेखनिक. त्याच्या पोथीतही तीच गोष्ट योहानाच्या शेवटी आहे आणि तिच्यावर तीच टीप, त्याच ‘मी’सकट. बाझेलची पोथी एफ्राइमच्या पोथीवरून उतरवलेली नाही. दोघी कुण्या जुन्या, आता हरवलेल्या पोथीच्या लेकी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे एफ्राइमने लिहिलेला ‘मी’ उसना आणि बाझेलवाल्याचाही उसना. गाळण्याची जबाबदारी ज्याने घेतली त्याचे नाव कुठेच नाही, आणि ज्यांनी काहीच गाळले नव्हते ते इमानाने लिहीत राहिले की मी गाळले.

मग तो होता कधी? त्याने नाव घेतलेला सिरिल ४४४ साली वारला. थिओडोरला त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, ५५३च्या धर्मसभेने पाखंडी ठरवले. पाखंडी ठरलेल्या माणसाची साक्ष कुणी मुद्दाम काढील असे वाटत नाही, म्हणून मी तरी या टीपकाराला पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा सहाव्याच्या आरंभी बसवतो. त्याचा अंदाज चुकीचा नव्हता. आज ज्ञात असलेल्या फार जुन्या पोथ्यांत, उदाहरणार्थ चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाई पोथ्यांत, ही गोष्ट नाहीच.

मराठी वाचकाला हे सगळे पुण्याच्या विधि महाविद्यालय रस्त्यावर नेऊन सोडते. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली संपले. त्याचा पाया घालणारे वि. सी. सुखठणकर बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकलेले. पोथ्यांची घराणी लावायची, कुणाची लेक कोण ते ठरवायचे आणि मग मागे मागे जायचे, ही रीत युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर आणि नव्या करारावर घासून तयार झाली होती. सुखठणकरांनी ती महाभारताच्या अवाढव्य पसाऱ्याला बेतून घेतली. आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही आपली लाडकी गोष्ट त्यात संहितेबाहेर पडली आणि परिशिष्टात गेली. फेकली गेली नाही. कोणत्या पोथ्यांत आहे, कुठे आहे, हे सगळे नोंदवून शेवटी ठेवली गेली. त्या निनावी ग्रीक माणसाने नेमके हेच केले होते.

हे मी एकदा माझ्या मावशीला सांगितले. तिने शांतपणे विचारले, ‘‘मग लिहिलं कुणी?’’ मला उत्तर सुचले नाही, आणि तिला ते नकोही होते.

पण तिच्या प्रश्नाने एक गोष्ट डोळ्यांत भरली. दोन्हीकडे घराबाहेर काढलेला प्रसंग लिहिण्याचाच आहे. गणपती अडथळा न येता लिहीत बसतो तो. येशू मातीत बोट फिरवतो तो. चारही शुभवर्तमानांत तो लिहिताना दिसतो एवढ्या एकाच ठिकाणी, आणि त्याने काय लिहिले ते गोष्ट सांगत नाही. याला योगायोगच म्हणायला हवे. तरीही हातातली लेखणी झिजवत आयुष्य काढणाऱ्यांना, आपल्या देवाच्या हातीही कधीतरी लेखणी असावी असे वाटले असेल, तर मी त्यांना नावे ठेवणार नाही.

बाझेलच्या पोथीचे पुढे काय झाले ते थोडे चमत्कारिक आहे. तिच्यासह काही ग्रीक पोथ्या रागुसाच्या जॉनमुळे बाझेलच्या डॉमिनिकन मठात आल्या. बाझेलच्या धर्मसभेने त्याला कॉन्स्टँटिनोपलला धाडले होते. तिथून त्याने पोथ्या आणल्या आणि १४४३ साली वारताना मठाला दिल्या. १५१५ साली इरॅस्मस बाझेलला आला. फ्रोबेन या मुद्रकाला ग्रीक नवा करार छापायचा होता आणि घाई होती. इरॅस्मसच्या हाताशी ही ‘१’ क्रमांकाची पोथी होतीच. पण तिचा पाठ बाकीच्यांशी जुळेना. त्याला तिचा भरवसा वाटला नाही, म्हणून शुभवर्तमानांसाठी छापखान्यात गेली ती सामान्य पाठाची दुसरी पोथी, तीही बाझेलचीच. तिच्यावर त्याच्या हाताच्या दुरुस्त्या आजही आहेत. १५१६च्या आरंभी ग्रंथ बाहेर पडला. बाईची गोष्ट नेहमीच्या जागी, सातव्या-आठव्या अध्यायांच्या सांध्यावर छापली गेली. पुढे ल्यूथरचे जर्मन भाषांतर, इंग्रजीतले १६११ सालचे बायबल, सगळे याच छापील परंपरेतून वाढले.

घाईत हाताशी जे असते तेच पुष्कळदा प्रमाण होऊन बसते. इरॅस्मसला दोष देण्यात अर्थ नाही. मुद्रक दारात उभा असताना चमत्कारिक पोथी बाजूला सारणे हा संपादकाचा स्वभावच आहे. पण ही पोथी त्या पाच शतकांपूर्वीच्या निवाड्यापाशी थांबली नाही. १९०२ साली कर्सप लेक याने तिच्या बहिणी शोधून काढल्या आणि घराणे मांडले. आजच्या चिकित्सक ग्रीक आवृत्त्यांत बाईची गोष्ट दुहेरी कंसात असते. खाली तळटिपेत कोणत्या पोथ्या ती कुठे ठेवतात याची यादी असते, आणि तिच्यात ‘१’ला आपली ओळ मिळते: योहानाच्या शेवटच्या ओवीनंतर.