कवचातील उष्मा

आज दुपारी यवतमाळकडील एका कपाशीच्या शेतात फवारणी करणाऱ्या मजुराला मी जवळून पाहिले. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, सदरा घामाने चिंब, आणि वाटपात मिळालेला संरक्षक पोशाख मात्र घडीही न मोडता धुऱ्यावर ठेवलेला. सन 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक माणसे दगावली असता त्या पोशाखाची निकड कोण नाकारील? तथापि या मजुराला बेपर्वा म्हणण्यास माझे मन धजत नाही. कारण घामाचे बाष्प होऊन ते हवेत विरते तेव्हाच देह निवतो, आणि जे वस्त्र विषाला आत शिरू देत नाही ते बहुधा या बाष्पालाही बाहेर पडू देत नाही. ऊन, हवा व आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक काढणारे तज्ज्ञ बाष्परोधक पोशाखापोटी त्यात 11 अंश सेल्सिअसची भर घालतात, यावरूनच त्या कोंडमाऱ्याची कल्पना यावी. म्हणून पोशाखाबरोबरच सकाळच्या गारव्यातील काम, पुरेसे पाणी, सावलीतील विसावा आणि त्या विसाव्याचीही मजुरी यांची तजवीज झालीच पाहिजे. विष आणि उष्माघात यांतून एकाची निवड करावयास कोणाही कष्टकऱ्याला भाग पाडण्याचा अखत्यार आपणांस नाही.